पन्नाशीनंतर ऑनलाईन सोबत शोधताय? आपल्या बडोद्यातल्या लोकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्याची. माहेर दांडिया बाजार, आताचं घर समा भागात. मिस्टर २०१९ मध्ये गेले, आणि गेल्या दीड वर्षापासून मला एक चांगला सोबती आहे जो मला ऑनलाईन भेटला. हे मी कुणापासून लपवलं नाही, त्यामुळे भिशीत, लग्नकार्यात, बागेत चालताना कुणी ना कुणी बाजूला घेऊन हळूच विचारतंच की काकू तुम्ही कसं केलं, कुठलं ॲप, भीती नाही का वाटली. बायका विचारतात तसे पुरुषही विचारतात, आणि आईसाठी किंवा बाबांसाठी विचारणारी मुलंसुद्धा खूप आहेत, त्यांचं मला फार कौतुक वाटतं. प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलंय. कायद्याचं जे आहे ते वाचून आणि ओळखीच्या वकिलांना विचारून लिहिलंय, तरी सही करण्याआधी तुमचा वकील गाठाच.

या वयात हे कशाला? मुलं आहेत, नातवंडं आहेत, देवळं आहेत.

आहेत ना. माझी मुलगी पुण्याला, मुलगा कॅनडात, दोघं रोज फोन करतात, गुणाची पोरं आहेत. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या खालच्या मजल्यात पाणी शिरलं, लाईट गेली, आणि मी वरच्या खोलीत दोन रात्री एकटी होते. फोनची बॅटरी १४ टक्के उरलेली. मी विचार करत बसले की एकच फोन करता येणार असेल तर कुणाला करू. मुलीला केला तर ती पुण्यात बसून रडत बसणार, मुलाकडे दुपार, तो मीटिंगमध्ये, आणि ऐकून बिचारा तिथून करणार काय. शेवटी फोन बंद करून ठेवला, कुणालाच केला नाही. माझी काळजी करणारी माणसं भरपूर आहेत पण "काय गं, पाणी कितव्या पायरीला आलं?" एवढंच विचारणारं कुणी नाही हे मला त्या रात्री कळलं. अशी सोबत हवीशी वाटण्यात चुकीचं काहीच नाही, वय काहीही असू दे.

लोक काय म्हणतील?

म्हणतात. आमच्या इथे दोनेक महिने म्हणाले, मग दुसऱ्या कुणाचा विषय आला. एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना आठवण करून देते, आपण ज्या गावात राहतो तिथे सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये बालविवाह बंदीचा कायदा केला आणि १९३१ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा हक्क दिला, जो सगळ्या देशाला १९५५ मध्ये मिळाला. बडोदेकरांनी तरी पुनर्विवाहावर कुजबुज करू नये असं मला मनापासून वाटतं.

डेटिंग ॲप घेऊ, मॅट्रिमोनी साईट घेऊ की विवाह मंडळात नाव घालू?

माझं मत विचाराल तर पंचेचाळीसच्या पुढे मॅट्रिमोनी साईटचा पुनर्विवाहवाला भाग जास्त उपयोगी पडतो. तिथे विधुर, विधवा, घटस्फोटित हे आधीच भरावं लागतं आणि लोक थोडे गंभीर असतात (खोटं भरणारे तिथेही असतात, त्याबद्दल खाली लिहिलंय). टिंडर २०१२ चं, बंबल २०१४ चं, ही मुळात तरुणांची जागा. आपल्या वयाचे लोक आहेत तिथे, पण बडोद्यात मोजकेच सापडतात, म्हणून अंतर वाढवून ठेवा म्हणजे आणंद, भरूच, अहमदाबादपर्यंतची माणसं दिसतात. बंबलचं एक मला आवडलं की बोलणं सुरू करायचं बाईच्या हातात ठेवायचं या विचाराने ते सुरू झालं, त्यामुळे मेसेजचा भडिमार कमी.

ज्यांना फोनवर हे सगळं नकोच वाटतं त्यांच्यासाठी अहमदाबादला नटुभाई पटेल यांची अनुबंध फाउंडेशन आहे, ते पन्नाशीपुढच्यांचे परिचय मेळावे भरवतात. पुण्याला माधव दामले यांनी ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळ सुरू केलं, त्याबद्दल मराठी पेपरात बरंच आलेलं आहे.

पैशाचं म्हणाल तर वर्षाचं पॅकेज एकदम घेऊ नका. मला एका साईटवरून रोज फोन यायचा, मॅडम आजच भरा, उद्या ऑफर संपते, आणि मी कंटाळून भरले. ती ऑफर पुढच्या महिन्यातही होतीच. आधी फुकटात महिनाभर बघा, मग एक महिन्याचं घ्या, आणि ऑटो-पे चालू राहत नाही ना ते यूपीआय ॲपमध्ये आणि प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन तपासा.

प्रोफाईलमध्ये काय लिहायचं? मला स्वतःबद्दल लिहिताच येत नाही.

मी पहिल्यांदा लिहिलं होतं "साधी, सुस्वभावी, कुटुंबवत्सल". हे सगळेच लिहितात. त्यावर मला नुसते हाय, हॅलो, गुड मॉर्निंगचे गुलाब आले. मग मुलीने फोनवर सांगितलं की आई तू दिवसभर काय करतेस ते लिही, मग मी लिहिलं की सकाळी सहाला कमाटीबागेत तीन फेऱ्या मारते, संध्याकाळी झोपाळ्यावर बसून पेपर शेवटच्या पानापासून वाचते, मासे खाते, उपास करत नाही, वांगं खात नाही, दिवाळीला पुण्याला जाते आणि मला गप्पा मारणारा माणूस लागतो. एवढंच. पहिला धड मेसेज आला तो वांग्यावरून, "भरीत पण नाही?" असा. आज तेच माझे सोबती आहेत.

काय हवंय ते स्पष्ट लिहा. लग्न हवंय, नुसती मैत्री हवीय, गाव सोडणार नाही, आईची जबाबदारी आहे, आजार आहे, जे असेल ते. वय कमी करू नका, पाच वर्षं कमी केलेली पहिल्याच भेटीत कळतात आणि मग पुढचं सगळंच खोटं वाटायला लागतं.

फोटो या वर्षातला, एक चेहऱ्याचा, एक पूर्ण उभा. नातवंडांचे फोटो नकोत, ती लहान आहेत आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. मागे सोसायटीची पाटी, गाडीचा नंबर, दारावरचं नाव दिसत नाही ना ते बघून घ्या.

मी विधवा आहे. टिकली लावलेला फोटो टाकू का? मंगळसूत्राचं काय?

हा प्रश्न मला एका मैत्रिणीने अगदी हळू आवाजात विचारला होता. आपल्यात अजून विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, बोलावलं तरी ओटी भरताना हात आखडतो, त्यातून ही भीती येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीत ठराव करून विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं, आणि मग महाराष्ट्र सरकारने सगळ्या गावांना तसं परिपत्रक काढलं. एक गाव करू शकतं तर आपण आपल्या फोटोत टिकली नक्की लावू शकतो. तुम्ही लहानपणापासून लावत आलात ती तुमची आहे, लावा. मंगळसूत्र मात्र फोटोत नको असं मी सांगेन, समोरच्याचा गोंधळ होतो, तुमचं लग्न चालू आहे असं वाटतं. घरात घालायचं की पेटीत ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, तिथे कुणाचं ऐकू नका.

मोबाईल नंबर कधी द्यायचा?

लगेच नाही. ॲपवरच दोन-तीन आठवडे बोला. नंबर द्यायचाच तर जो बँकेला जोडलेला आहे तो देऊ नका, दुसरं स्वस्त सिम घ्या. व्हॉट्सॲपचा फोटो फक्त कॉन्टॅक्टला दिसेल असा ठेवा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. घरातल्या मुलांना सांगा, पाच मिनिटांत करून देतील.

माणूस खरा आहे हे कसं ओळखायचं?

फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा, दुसऱ्याच कुणाचा असेल तर बऱ्याचदा तिथेच सापडतो. आठवड्याभरात साधा व्हिडिओ कॉल मागा, दिवसा, दोघं घरच्या कपड्यांत. कॅमेरा खराब आहे, नेट नाही, ऑफिसमध्ये परवानगी नाही असं तीनदा झालं की मी तिथेच थांबते. हल्ली चेहरासुद्धा बनवता येतो म्हणून बोलता बोलता सांगा की जरा चेहऱ्यासमोरून हात फिरवा, मान वळवा, बनावट चित्र असेल तर अडखळतं.

आणि आपल्या गावचं काहीतरी विचारा. माझ्याशी एकजण बोलत होता, म्हणे मूळचा बडोद्याचा मराठी, आता इंग्लंडात इंजिनियर. त्याचं मराठी वाचून मला पहिल्यापासून काहीतरी खटकत होतं, "मी तुला खूप गमावतो आहे", "तुझा दिवस कसा होता प्रिय" असं लिहायचा, मशीनमधून काढल्यासारखं. मी विचारलं की सेव उसळ तुम्ही कुठे खायचात, तर म्हणाला मला गोड पदार्थ आवडत नाहीत. बडोद्यात वाढलेला माणूस सेव उसळीला गोड म्हणेल का?

पैसे मागितले तर?

द्यायचे नाहीत. याच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण माझ्या जवळच्या एका मैत्रिणीचे पैसे गेलेत, आणि पैशापेक्षा जास्त ती आतून मोडली.

याची पद्धत ठरलेली असते. माणूस परदेशात, जहाजावर, तेलाच्या विहिरीवर किंवा लष्करात लांब कुठेतरी असतो म्हणजे भेटायचा प्रश्न येत नाही. चार दिवसांत तुम्हाला ॲपवरून व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर घेऊन जातो. दहा दिवसांत लग्नाचं बोलतो. सकाळ संध्याकाळ मेसेज, जेवलीस का, औषध घेतलंस का, आणि वर्षानुवर्षं ज्या बाईला हे कुणी विचारलेलं नाही तिला ते किती लागतं हे त्यांना बरोबर माहीत असतं. मग एक दिवस संकट येतं. त्या इंग्लंडवाल्याने मला "सरप्राईज गिफ्ट" पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी एका बाईचा फोन, दिल्ली एअरपोर्टवर कस्टममध्ये पार्सल अडकलंय, आत पाउंड सापडलेत, ३८,५०० भरा नाहीतर केस होईल. खातं कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर. कस्टमवाले असे खासगी खात्यात पैसे कधीच मागत नाहीत. मी फोन ठेवला आणि त्याला ब्लॉक केलं, पण खरं सांगते, ब्लॉक करताना हात थरथरत होता कारण महिनाभर रोज बोलले होते मी त्याच्याशी.

माझी मैत्रीण दुसऱ्या प्रकारात फसली. तिला मिळालेला माणूस पैसे मागतच नव्हता, उलट म्हणायचा मी तुला कमवायला शिकवतो. एका ट्रेडिंग ॲपची लिंक दिली, तिने पाच हजार टाकले, तीन दिवसांत सहा हजार दिसले आणि ते काढताही आले. तिथेच विश्वास बसतो. मग मोठी रक्कम टाकली, स्क्रीनवर आकडा वाढत गेला, आणि काढायला गेली तर आधी टॅक्स भरा, मग फी भरा. ते ॲपच खोटं असतं, आकडे नुसते दाखवायचे. मिस्टरांच्या ग्रॅच्युइटीतले पैसे होते तिचे. मुलाला सांगायला तिने तीन आठवडे लावले, लाजेने.

म्हणून सांगते, असं झालं तर लाज बाजूला ठेवा आणि लगेच १९३० ला फोन करा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, देशभर चालतो, आणि तक्रार सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवरही टाकता येते. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठवता यायची शक्यता जास्त, काही तासांचा खेळ असतो. बँकेला पण त्याच वेळी कळवा. व्यवहाराचा नंबर, तारीख, चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा आहे.

आणखी दोन गोष्टी. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार. आणि कुणाच्याही सांगण्यावरून स्क्रीन शेअर करणारं ॲप फोनमध्ये घालू नका.

समोरच्याने फसवलं नाही, खरंच अडचण आहे त्याची, तर?

असू शकते. तरी पहिलं वर्षभर पैशाची देवाणघेवाण नाही हे मी आणि माझ्या सोबत्यांनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं, मोकळेपणाने बोलून. त्यांना मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं तेव्हा मी सोबत गेले, डबा नेला, थेंब घातले. पैसे त्यांच्या मुलाने भरले.

व्हिडिओ कॉलवर समोरून बाईने कपडे काढले, रेकॉर्ड केलं आणि आता धमक्या येतायत. काय करू?

हे पुरुषांना फार होतं आणि ते कुणाला सांगत नाहीत, म्हणून मला विचारणाऱ्या त्या काकांचं मी मनापासून कौतुक करते. एक रुपया देऊ नका, एकदा दिले की परत येतात. मग कुणीतरी पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी बनून फोन करतो, "डिजिटल अरेस्ट" म्हणतो. आपल्या कायद्यात फोनवर अटक असला प्रकारच नाही. स्क्रीनशॉट काढा, ब्लॉक करा, १९३० किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला तक्रार द्या. फोटो-व्हिडिओ पसरू नये म्हणून स्टॉप एनसीआयआय नावाची फुकट सोय आहे, तुमचा फोटो कुठेही अपलोड न होता त्याचा एक कोड बनतो आणि त्यात सामील असलेल्या मोठ्या कंपन्या तो फोटो अडवतात. आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगा, जावयाला, भावाला, मित्राला, एकट्याने रात्र काढू नका.

पहिली भेट कुठे ठेवायची?

दिवसा, गर्दीत, आपल्या गाडीने किंवा रिक्षाने जाऊन. "मी घ्यायला येतो"ला पहिल्या वेळी नाही म्हणा. कुणाला तरी सांगून जा आणि व्हॉट्सॲपवर लाईव्ह लोकेशन पाठवा, आठ तासांपर्यंत चालू ठेवता येतं. गुजरातेत दारूबंदी आहे त्यामुळे बारमध्ये भेटूया असं इथे कुणी म्हणत नाही, पण पहिल्याच वेळी फार्महाऊसवर नाहीतर "माझ्या मित्राच्या फ्लॅटवर" बोलावलं तर नाही म्हणायचं आणि कारण द्यायची गरज नाही. मोठ्या शहरांत आणखी एक प्रकार चालतो, पुरुषांना मुलगी ठराविक कॅफेत बोलावते आणि बिल येतं हजारोंचं, म्हणून जागा तुम्ही सुचवा.

आम्ही कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये भेटलो होतो, आणि मी सगळ्यांना तेच सुचवते. समोरासमोर टेबलावर बसलं की दोघांनाही काय बोलावं कळत नाही, मुलाखतीसारखं होतं. म्युझियममध्ये बाजूबाजूने चालायचं असतं, बघायला काहीतरी असतं, बोलणं आपोआप निघतं. तिथे तो ब्लू व्हेलचा भला मोठा सांगाडा आहे, आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत बघितलेला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिथली पाटी अगदी जवळ जाऊन पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली, मग पुढची, मग पुढची. मला चालायची घाई, मी इजिप्तच्या ममीपर्यंत पुढे निघून गेले. वळून बघितलं तर ते हाक न मारता तिथेच उभे, मी परत येईपर्यंत. मी आले, मग आम्ही पुढच्या पाटीपाशी गेलो. मला तेव्हा फार शांत वाटलं. पहिल्या भेटीत हेच बघा, की घाई करतोय का, वेटरशी आणि रिक्षावाल्याशी कसं बोलतोय, तुम्ही बोलताना मध्ये तोडतोय का.

बिल कुणी द्यायचं?

निम्मं निम्मं. नाहीतर या वेळी तुम्ही, पुढच्या वेळी मी.

मुलांना कधी सांगायचं? ती चिडली तर?

माणूस दोन-तीनदा भेटला आणि मनाला पटला की सांगा, त्याच्या आधी नको आणि फार उशीरही नको. दुसरीकडून कळलं की मुलांना फसवल्यासारखं वाटतं. मी मुलीला सांगितलं तर ती आधी गप्पच झाली, मग म्हणाली, "आई, तू बाबांना विसरलीस का?" मी म्हटलं अगं कशी विसरेन, त्यांच्याबद्दल मी या माणसाशी तासभर बोलू शकते, आणि त्यांच्या बायकोबद्दल ते माझ्याशी बोलतात, तुझ्याशी बोलायला गेले तर तू रडतेस म्हणून मी बोलत नाही. दोन आठवडे तिचा फोन नेहमीसारखा आला नाही. नंतर तिनेच विचारलं, "ते डायबिटीसवाले आहेत का गं, मी सासूबाईंच्या हातचे लाडू पाठवायला नको ना?" म्हणजे तिच्या सासूबाईंनी चौकशी चालू केली होती.

बऱ्याचदा मुलांच्या रागामागे घराचा, दागिन्यांचा प्रश्न असतो आणि तो कुणी बोलून दाखवत नाही. त्यात वाईट वाटून घेऊ नका, सरळ बोला, मृत्युपत्र करा, वातावरण निवळतं.

गुजराती माणूस चालेल का? जुळतं का?

माझे गुजरातीच आहेत. पहिल्या फोनवर सवयीने मला "बेन" म्हणाले आणि मग स्वतःच थांबले, दोघांनाही हसू आलं. आपण बडोद्याचे मराठी घरात मराठी, बाजारात गुजराती असे पिढ्यानपिढ्या राहतोय त्यामुळे भाषेची अडचण येत नाही. अडचण येते ताटात. त्यांच्याकडे अंडंसुद्धा नाही आणि मी कोलंबी करते. आम्ही ठरवलंय की ते जेवायला असतील त्या दिवशी मासे नाहीत, आणि बाकीच्या दिवशी माझ्या फ्रीजमध्ये काय आहे ते विचारायचं नाही. हे आधी बोलून घ्या, खाणं ही रोजची गोष्ट आहे, पत्रिका एकदाच बघतात.

मी पुरुष आहे आणि मला पुरुषाचीच सोबत हवी आहे. माझ्यासाठी काही आहे का?

आहे. सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ कलमातून सज्ञान लोकांचे आपसातले संबंध गुन्ह्यातून काढले. बडोद्यात लक्ष्य ट्रस्ट कितीतरी वर्षांपासून काम करतंय, तिथे बोलायला माणसं मिळतात. पहिल्या भेटीचे आणि पैशाचे वरचे सगळे नियम तुम्हालाही तसेच, ब्लॅकमेलची भीती दाखवणारे तुमच्या वाट्याला जास्त येतात म्हणून जरा जास्तच जपा.

लग्न करावं की तसंच सोबत राहावं?

याचं एक उत्तर नाही, पण पेन्शन बघितल्याशिवाय ठरवू नका. मिस्टर केंद्र सरकारी नोकरीत असतील आणि तुम्हाला फॅमिली पेन्शन मिळत असेल तर पुन्हा लग्न केल्यावर ती थांबते. मूलबाळ नसलेल्या विधवेला सूट आहे, तिचं स्वतःचं दुसरं उत्पन्न ठरलेल्या किमान पेन्शनपेक्षा कमी असेल तोपर्यंत चालू राहते. पीएफवाली ईपीएस-९५ ची विधवा पेन्शनही लग्नानंतर बंद होते. राज्य सरकारचे, बँकांचे नियम आपापले आहेत, लेखी विचारा. लग्न लपवून पेन्शन घेत राहायचं हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, वसुली निघते. पुरुषाची स्वतःची पेन्शन लग्नाने जात नाही, आणि केंद्राच्या नियमांत रिटायर झाल्यावर केलेल्या लग्नाची बायकोही पुढे फॅमिली पेन्शनला पात्र होते, फक्त तिचं नाव ऑफिसला कळवायला विसरू नका.

पहिल्या नवऱ्याकडून वारशाने तुमच्या नावावर आलेला हिस्सा पुनर्विवाहाने जात नाही, ही भीती खूप बायकांना असते. दुसरीकडे, लग्न न करता राहिलात तर एकमेकांचं काहीही आपोआप मिळत नाही, त्यासाठी मृत्युपत्र लागतं. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करून घेतलेलं बरं. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असं नाही, नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचा.

लग्नासारखं एकत्र राहणाऱ्या बाईला २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं संरक्षण मिळू शकतं. उत्तराखंडात २०२५ पासून लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची आहे, असे नियम राज्याराज्यांत बदलू शकतात म्हणून एकत्र राहायला जायच्या आधी वकिलाला विचारून घ्या. वेगवेगळ्या धर्माचे असाल तर १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न होतं, तीस दिवसांची नोटीस लागते आणि लग्नाला तीन साक्षीदार.

आम्ही लग्न केलेलं नाही. ते त्यांच्या घरी, मी माझ्या. दोन्ही घरांच्या चाव्या दोघांकडे आहेत.

माझा घटस्फोट कोर्टात चालू आहे. प्रोफाईल बनवू का?

बोला, भेटा, पण "घटस्फोटित" लिहू नका, "केस चालू आहे" लिहा. निकाल लागल्यावरसुद्धा अपिलाची मुदत, ९० दिवसांची, संपेपर्यंत दुसरं लग्न करता येत नाही. पहिलं लग्न चालू असताना दुसरं केलं तर तो गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा.

शरीराची जवळीक या वयात… विचारायला संकोच वाटतो.

संकोच नको. काहींना हवी असते, काहींना फक्त हात हातात धरणारं माणूस हवं असतं, दोन्ही ठीक. आधी बोलून घ्या, नाही म्हणायचा हक्क दोघांना कायम आहे. पाळी गेली म्हणजे आजार लागत नाहीत असं नाही, दोघांनी रक्ततपासणी करून घ्या आणि निरोध वापरा. बीपी, शुगर, हार्टची औषधं चालू असतील तर मेडिकलमधून परस्पर उत्तेजक गोळ्या आणू नका, हृदयाच्या काही औषधांबरोबर त्या जीवघेण्या ठरतात. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

मी ६२ चा आहे, चांगला आहे, पण कुणी रिप्लायच देत नाही.

काका, तुम्ही ४० ते ४५ वयाचा फिल्टर लावलाय, तो आधी काढा. मग प्रोफाईलमध्ये "जेवण बनवणारी, सेवाभावी" असं लिहिलंय ते काढा. बाई पन्नाशीपर्यंत सगळ्यांची उस्तवार करून दमलेली असते, तिला पुन्हा तेच काम मिळणार असं दिसलं की ती पुढे जाते. तुम्हाला चहा येतो, भाजी आणता, तबला शिकताय, असं काही असेल ते लिहा. आणि पहिल्या मेसेजमध्ये तिच्या प्रोफाईलमधलं काहीतरी विचारा, फुलांचा फोटो नको.

नाही कसं म्हणायचं? समोरच्याला वाईट वाटेल.

"तुमच्याशी बोलून छान वाटलं, पण पुढे जावंसं वाटत नाही. तुम्हाला चांगली सोबत मिळो." एवढं लिहून पाठवा. नुसतं गायब होऊ नका, आपल्या वयात माणूस गप्प झाला की काही झालं का म्हणून जीव टांगणीला लागतो. त्यानंतरही फोन करत राहिला तर ब्लॉक.

किती दिवसांत कुणी मिळतं?

मला अकरा महिने लागले. त्यात मी सातजणांशी नीट बोलले, तिघांना भेटले. एकजण फार चांगले होते पण त्यांना सुरतेला राहायला येणारी हवी होती आणि मला माझी बाग सोडायची नव्हती. मध्ये दोन महिने मी ॲप काढूनच टाकलं होतं कारण रोज संध्याकाळी फोन बघून उदास व्हायला होत होतं, तसं झालं तर तुम्हीही काढा, नंतर परत घालता येतं. विचारायचं राहिलं असेल तर रविवारी सकाळी सात ते आठ मी कमाटीबागेत फुलांच्या घड्याळापाशी बाकावर असते, सोबत ते पण असतात, पुरुषांना त्यांच्याशी बोलायला सोपं जातं.